पंडुमाआधीचं फूल

त्या साली रमजान मार्चमध्ये आला होता. चंद्रपूरचा मार्च काय असतो ते चंद्रपूरकरालाच विचारावं. दुपारी बारालाच जीभ टाळूला चिकटते. तरी मी एकही रोजा सोडला नाही. ही फुशारकी नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात माझा रोजाच माझ्या विरुद्ध उभा राहतो, म्हणून आधीच सांगून मोकळा होतो.

मी तेव्हा चंद्रपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. वडील शिंपी, आजोबा शिंपी. आमच्या घरात गळ्यात टेप न टाकता पोट भरणारा मी पहिलाच. त्यामुळे कोणी साहेबानं नुसतं 'सर' म्हटलं तरी मी पाघळायचो. हा माझा जुना रोग, अजून पुरता गेलेला नाही. वय बत्तीस-तेहतीस, स्कूटर नवी, आणि डोक्यात एकच किडा, की आपल्या हातून काहीतरी मोठं व्हावं आणि ते चार लोकांनी पाहावं.

तसा योग आला. नव्वदीची ती सुरुवातीची वर्षं. संशोधन करणारे, कारखाने चालवणारे आणि सरकार यांनी एका टेबलाशी बसावं, आपल्या भागाचे प्रश्न आपणच सोडवावेत, काही नवं काढावं, असं तेव्हा जो तो बोलायचा. आमच्याकडेही तशी एक योजना आली. एक पाय आमचं कॉलेज, दुसरा पाय सरबत आणि गोळ्या बनवणारा एक कारखाना, तिसरा पाय प्रशासन. ऑफिसातले लोक तिला तिपाईच म्हणायचे. पहिल्या बैठकीत चहा-बिस्किटं झाली, तिन्ही पायांनी एकमेकांची भरपूर स्तुती केली, आणि मग गडचिरोलीच्या जंगलात जाणार कोण, असा प्रश्न निघाला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. झालो मी समन्वयक.

प्रश्न मोहाचा होता. मोहाचं फूल मार्च-एप्रिलात पहाटेपासून टपटप गळतं. खाली पाला असला की ते दिसत नाही, म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात, आणि ती आग कधीकधी जंगलात शिरते. ही वनखात्याची डोकेदुखी. फूल मातीत पडतं, मातीतच वाळतं, मग मोहाच्या सरबतात रेती लागते. ही कारखानदाराची डोकेदुखी. आणि जिल्ह्याच्या साहेबांना गावातल्या बायांच्या हाताला हंगामाचं काम हवं होतं. आम्ही कॉलेजात उपाय काढला तो अगदी साधा: झाडाखाली नायलॉनची जाळी बांधायची, म्हणजे फूल जमिनीला लागणारच नाही, आणि ते तारेच्या कप्प्यांच्या पत्र्याच्या पेटीत उन्हावर सुकवायचं. तिघांचं दुखणं एका जाळीत मिटत होतं. मी तर हवेतच तरंगायला लागलो.

प्रयोगासाठी जे गाव निवडलं ते आलापल्लीच्या पुढे, हेमलकशाच्या रस्त्यावर. माडियांची वीस-पंचवीस घरं, रस्त्याला लागूनच, एसटी थांबायची. नाव लिहीत नाही. माझ्यापायी त्या गावाला जो त्रास झाला तेवढा पुरे आहे.

तिथं आमच्या कामाला एक बाई मिळाली. चाळिशीची, नवरा मागेच गेलेला, घरात लग्नाला आलेली एक मुलगी. बाजारात येऊन-जाऊन मराठी शिकलेली, त्यामुळे गावाचं आणि माझं बोलणं तिच्या तोंडून व्हायचं. ती मला मास्तर म्हणायची, मी तिला बाई. हसायची कमी, पण एकदा हसली की पदर तोंडात कोंबावा लागायचा. आम्ही पहिल्यांदा जाळी बांधली ती खाटेच्या नवारीसारखी ताणून, चांगली टणक. फुलं पडली आणि टणाटण उडून बाहेर! ती तशीच पदर तोंडात कोंबून हसली, मग पुढे झाली, चारही दोर ढिले केले आणि मधोमध एक दगड ठेवला. जाळीला झोळ आला, फुलं घरंगळत मध्ये जमायला लागली. माझ्या अहवालात हेच 'प्रयोगांती असे आढळले' म्हणून आलं आहे. प्रयोग कोणी केला ते आलेलं नाही. पण ही लाज त्या मानानं लहान. मोठी पुढे आहे.

हे जाळीचं आदल्या हंगामात झालं. आता रमजानचं. मी दुपारी पोचलो, घामानं निथळत होतो. तिनं तुंब्यातलं पाणी पुढे केलं. मी नको म्हणालो. तिला वाटलं, आपल्या घरचं पाणी मास्तरला चालत नाही. तिचा चेहरा पडला. म्हणून मी घाईघाईनं समजावलं, की माझा रोजा आहे, सूर्य बुडेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, कोणी पाहत असो वा नसो. ती खाली बसली आणि बारीकसारीक विचारायला लागली. थुंकी गिळली तर चालते का? चुकून काही तोंडात गेलं तर? लहान पोरांनाही लागू आहे का? मी सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, हे तर आमच्यासारखंच आहे. त्या गावात मोहाचं नवं फूल पंडुम होईपर्यंत कोणी उचलत नसे. पंडुम म्हणजे नव्या फुलाचा सण. गावाचा गायता, म्हणजे पुजारी, आधी देवाला फूल देणार, मग माणसांनी हात लावायचा, तोंडात घालायचं. तोवर झाडाखाली खच पडला तरी तो हरणांचा, अस्वलांचा, देवाचा. दुसऱ्या गावांत वेगळी रीत असेल. मी त्या गावाचं सांगतो आहे.

"तुमचं सूर्यावर आहे," ती म्हणाली, "आमचं गायत्यावर."

म्हणजे मला कळलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. तिनं मला माझ्याच भाषेत समजावलं होतं.

आता झालं असं की सरकारी पैसा मार्चअखेरीच्या आत खर्ची पडायला हवा, आणि त्यासाठी प्रात्यक्षिक मार्चमध्येच व्हायला हवं. साहेबांनी तारीख दिली. गायता पंडुम धरणार होता एप्रिलच्या सुरुवातीला. मी धावत बाईकडे गेलो. तिनं थोडा विचार केला आणि वाट काढली: जाळी बांधून ठेवू, तीत फुलं पडलेली दिसतील, पण हात कोणी लावणार नाही. पेटीत सुकवून दाखवायला फुलं लागतात ती चामोर्शीकडून आणा. तिकडे धानाच्या बांध्यांवर मोहाची झाडं आहेत, त्या लोकांना ही रीत नाही. यापेक्षा सोपं काय असतं? मी त्या दिवशी पहाटे सहेरी करून निघालो, चामोर्शीजवळच्या एका शेतकऱ्याकडून दोन टोपल्या ताजी फुलं घेतली, पेटीच्या कप्प्यांत पसरून ठेवली. सगळं बयाजवार.

फक्त साहेबांना हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग तारीख काऊन घेतली? आणि माझी समन्वयकी तिथंच उघडी पडली असती.

तीन जीपा आल्या. साहेब, कारखानदार, आमचे प्राचार्य, एक फोटोग्राफर, सरबताच्या बाटल्यांचं खोकं. गाव झाडाखाली जमलं. साहेब माणूस वाईट नव्हते, अजिबात नव्हते. हेच मला जास्त लागतं. त्यांनी जाळीचा झोळ निरखून पाहिला, पेटीचं दार उघडलं आणि सहज विचारलं, की ही याच जाळीतली फुलं ना? मी नाही म्हणू शकलो असतो. चामोर्शीची आहेत, साहेब, इथं सण व्हायचा आहे. एवढंच वाक्य. मी म्हणालो, हो साहेब.

मग साहेब म्हणाले, छान, बाईंना जाळीतून काढून दाखवू द्या, फोटो घेऊ.

ती जाळीपाशीच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असणार, आता मास्तर बोलतील. मास्तर बोलले.

"काढा ना, बाई. दोन मुठी. काही होत नाही."

तिनं थोडा वेळ हात पदरातच ठेवले. मग वाकून दोन मुठी फुलं काढली. फोटोग्राफरनं तिला वर पाहायला लावलं, तिनं पाहिलं. कारखानदाराला चेव आला. म्हणाला, एक खाऊन दाखवायला सांगा, रेती लागते का तेच तर बघायचं आहे! सगळे हसले. मीही हसलो. ती परत माझ्याकडे पाहायला लागली आणि मला तिचा राग आला. हो, राग. एवढ्या मोठ्या लोकांसमोर ही घोळ घालते आहे, असं वाटलं. मी म्हणालो, खा, एकच खा. तिनं फूल तोंडात टाकलं, चावलं, आणि रेती नाही म्हणून मान हलवली. टाळ्या वाजल्या. मागे गाव उभं होतं, त्यात कोणी टाळी वाजवली नाही. गायता होता तिथंच. तो वळला आणि घराकडे चालायला लागला.

मग सरबताचे ग्लास फिरले. साहेबांनी स्वतःच्या हातानं एक ग्लास माझ्यापुढे धरला, की घ्या सर, तुमचं तर मोठं यश आहे आज.

"साहेब, माझा रोजा आहे," मी म्हणालो.

साहेबांनी चटका बसल्यागत हात मागे घेतला. माफ करा म्हणाले, माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं म्हणाले, आणि शिपायाला सांगितलं की सरांसमोर ग्लास नेऊ नको. एवढंच लागलं. चार शब्द बोललो आणि एवढा मोठा अधिकारी माझ्या व्रतापुढे नमला. ती चार पावलांवर उभी होती. रोजा म्हणजे काय हे तिला मीच शिकवलेलं होतं. तिच्या तोंडात ते फूल अजून असेल.

त्या क्षणी मला लाज वाटली असती तर आज थोडं हलकं वाटलं असतं. लाज नाही वाटली. अभिमान वाटला, की साहेबांनी केवढा मान ठेवला आपला! संध्याकाळी आलापल्लीत खजूर तोंडात टाकला तेव्हाही मी त्या मानाचीच चव घेत होतो. आणि आठवड्याभरात अहवाल लिहिला. त्यात ओळ आहे: स्थानिक महिलेने स्वयंस्फूर्तीने प्रात्यक्षिक करून दाखविले. माझ्याच अक्षरात आहे.

ईद झाली. एप्रिलात त्या मार्गावरचा एक कंडक्टर घरी आला. आमच्याच मोहल्ल्यातला, म्हणून बाईनं त्याच्याजवळ निरोप दिलेला. पंडुम झालं होतं. तिचं घर मात्र पंडुमाच्या बाहेर ठेवलं होतं. देवाच्या आधी फूल खाल्लं, म्हणून कोणी तिच्याकडचं पाणी घेत नव्हतं, तिला विहिरीवर शेवटी जावं लागत होतं. मुलीचं लग्न पंडुमानंतर ठरलेलं. मुलाकडच्या पाहुण्यांनी कळवलं, हे मिटत नाही तोवर आम्ही येत नाही. मिटवायची वाटही गायत्यानं सांगितली होती. बाहेरच्या माणसानं तिला करायला लावलं असेल, तर त्या माणसानं गावासमोर येऊन तसं सांगावं, एक कोंबडा द्यावा, दोष त्याच्याकडे जाईल आणि बाई त्याच दिवशी मोकळी. बुधवारी गाव बसणार होतं.

तिचे शब्द कंडक्टरनं जसेच्या तसे सांगितले. "मास्तरले म्हणा, बुधवारी या. एक गोष्ट बोलाची आहे, बस."

बायको आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, सुट्टी टाका आणि जा, यात विचार कसला करता. मी म्हणालो, बघतो. बघतो म्हणणारा माणूस कधी जात नाही, हे तिला लग्नापासून माहीत होतं.

बुधवारी कारखान्यात दुसऱ्या टप्प्याची बैठक होती. हे कारण मी सगळ्यांना सांगितलं, बायकोला सांगितलं, कित्येक वर्षं स्वतःलाही सांगत आलो. बैठक सोडता आली असती. प्राचार्य नाही म्हणाले नसते. खरं असं, की गावासमोर 'मी सांगितलं' म्हटलं की पुढचं आपोआप आलं असतं, की मला माहीत होतं. ते वनखात्याच्या माणसांमार्फत साहेबांच्या कानावर गेलं असतं, मग चामोर्शीची फुलं निघाली असती, साहेबांशी खोटं बोललो ते निघालं असतं. एका बाईला विहिरीवर शेवटी जावं लागतं आणि एका पोरीचं लग्न अडलं आहे, आणि मी माझी पत वाचवत होतो. अकरा वाजता मी बैठकीत समोसा खात बसलो होतो. शेपूट घालणं म्हणतात ते हेच.

आणि वर शहाणपणा केला. कंडक्टरजवळ चिठ्ठी दिली. ज्या गावात वाचणारं कोणी नाही तिथं मी चिठ्ठी पाठवली! तीतही काय लिहिलं? कार्यक्रमाच्या गडबडीत काही गैरसमज झाला असल्यास क्षमस्व. 'मी सांगितलं' हे दोन शब्द कागदावरसुद्धा उमटले नाहीत.

त्यानंतर मी त्या रस्त्याला गेलो नाही. प्रयोगशाळेतल्या एका सहायकाला पाठवत राहिलो. त्याच्याकडूनच कळलं, की मुलीचं लग्न मोडलं आणि बाई आता जाळीच्या कामाला येत नाही. मी 'अरेरे' म्हणालो. त्याच्यासमोर 'अरेरे' म्हणालो, जसं काही दुसऱ्याच कोणाचं ऐकतो आहे. फोटो पेपरात आला, अहवालाची वाहवा झाली, मला त्याच जोरावर बढती मिळाली. पुढच्या वर्षी कारखानदाराला गोडीसाठी मोहापेक्षा स्वस्त साखर दुसरीकडून मिळायला लागली, त्यानं अंग काढून घेतलं, साहेबांची बदली झाली, आणि तिपाई बसली.

दोन पावसाळे गेले. कॉलेजात सामानाची तपासणी निघाली; त्या गावात दिलेल्या जाळ्या परत आणा म्हणून मला सांगण्यात आलं. मी गेलो. तिच्यासाठी गेलो असं लिहायला हात शिवशिवतो आहे, पण जाळ्यांसाठी गेलो.

सकाळची वेळ होती. गायता झाडाखाली बसून बांबूच्या कांबींचं टोपलं विणत होता. बाई घरातून जाळ्या घेऊन आली. धुतलेल्या, घड्या घातलेल्या, वाकाच्या दोरीनं बांधलेल्या. तिचे केस पिकले होते. मी मुलीची चौकशी केली. गावात परत घेतल्यावर, दंडाचं जेवण दिल्यावर, मुलीला इंद्रावतीच्या पलीकडे दिलं, असं ती म्हणाली. इकडचं कोणी विचारेना. लांब आहे, दीड वर्षात भेट नाही. तक्रारीचा सूर नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं. तिनं पाणी दिलं. मी ते प्यायलो आणि मग मला तिथं उभं राहवेना.

मी गायत्यासमोर जाऊन खाली बसलो. कामापुरतं मराठी त्यालाही येत होतं. दोन वर्षं अडकलेलं ते वाक्य बोललो. हिला मी सांगितलं होतं. तुमची रीत मला माहीत होती, तरी सांगितलं. मला वाटलं, आता तो चकित होईल, रागावेल, निदान टोपलं तरी खाली ठेवेल.

त्यानं कांब ओढून बसवली. "माहीत आहे," तो म्हणाला. "अख्खं गाव झाडाखाली उभं होतं, मास्तर. आमाले का डोळे नाईत?"

मग तुम्ही तिला बाहेर का ठेवलं, असं मी विचारलं. विचारायचा मला काय हक्क होता? पण विचारलं.

"आमी पाह्यलं म्हणून नाई चालत. ज्यानं केलं त्यानं म्हणाव लागते." त्यानं बाईकडे मान वळवली. ती जाळ्यांच्या गठ्ठ्यापाशी बसली होती, जमिनीकडे पाहत. "त्या बुधवारी आमी हिले इचारलं, तूच सांग, कोनं सांगतलं. एक नाव घे, सोडून देतो. हे म्हने, मी नाई घेत. तो येऊन राह्यला, तोच सांगल. दिवसभर बसलो आमी. सांजची एसटी आली. तीन मानसं उतरले. हे उठून गेली, तिघायचेही तोंड पाह्यले. मंग गाडी निंघाली, आन आमी घरी गेलो."